दहावी इतिहास-राज्यशास्त्र : जुन्या प्रश्नपत्रिका नेमक्या कशा सोडवून घ्यायच्या?

पाटीवरची_रेघ

राज्य मंडळाच्या दहावीच्या इतिहास-राज्यशास्त्र पेपरबद्दल हा धागा. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका सगळीकडे मिळतात, पण त्या 'सोडवा' म्हणजे काय करा, हे कोणी सांगत नाही. माझे प्रश्न असे :
कोणत्या वर्षांपासूनचे पेपर कामाचे?
सगळा अभ्यास झाल्यावर घ्यायचे की आधीपासून?
दोन गुणांना किती लिहायचं, तीनला किती?
आणि घरी तपासायचे कसे? गणितासारखं उत्तर जुळलं की झालं, असं इथे होत नाही.
गाईडची जाहिरात नको. ज्यांनी हा विषय शिकवला आहे किंवा पेपर तपासले आहेत त्यांनी लिहावं.

खडू_फळा

आधी वर्षांचा घोळ मिटवू. सध्याचं पुस्तक २०१८ मध्ये आलं आणि त्यावरची पहिली परीक्षा मार्च २०१९ ला झाली. म्हणून २०१९ च्या आधीचे पेपर बाजूला ठेवा. तेव्हा साम्राज्यवाद, दोन महायुद्धं, संयुक्त राष्ट्रं असा जगाचा इतिहास होता. आता उपयोजित इतिहास आहे : इतिहासलेखन, कला, प्रसारमाध्यमं, मनोरंजन, खेळ, पर्यटन, वारशाचं जतन. 'दहा वर्षांचा संच' म्हणून जे फिरतं त्यात जुने पेपर मिसळलेले असतात आणि मुलं महायुद्धाचे प्रश्न बघून घाबरतात.

२०२० चा इतिहासाचा पेपर झाला होता, रद्द झाला तो भूगोलाचा. २०२१ ला नेहमीची लेखी परीक्षा झालीच नाही. २०२२ ला अभ्यासक्रम २५ टक्के कमी केला होता आणि ४० गुणांच्या पेपरला १५ मिनिटं जास्त होती. त्या वर्षीचे प्रश्न सोडवायला हरकत नाही, पण 'या धड्यावर प्रश्न नाही' असा निष्कर्ष त्यातून काढू नका. धडाच वगळला असेल तर प्रश्न येणार कुठून?

मार्चच्या पेपरांबरोबर जुलैच्या पुरवणी परीक्षेचेही घ्या. लोक ते विसरतात. आराखडा तोच आणि पुस्तकही तेच, शिवाय मुलाने ते शाळेत आधी सोडवलेले नसतात.

आता आराखडा. ४० गुण, दोन तास. प्रश्न १ ते ५ इतिहासाचे (२८ गुण), ६ ते ९ राज्यशास्त्राचे (१२ गुण).
प्र. १ : (अ) पर्याय निवडून विधान पूर्ण करा – ३, (ब) चुकीची जोडी – ३
प्र. २ : (अ) संकल्पनाचित्र, तक्ता वगैरे, कोणतेही दोन – ४, (ब) टिपा, कोणत्याही दोन – ४
प्र. ३ : विधाने सकारण स्पष्ट करा, कोणतीही दोन – ४
प्र. ४ : उतारा – ४
प्र. ५ : सविस्तर उत्तरे, कोणतीही दोन – ६
प्र. ६ : पर्याय – २
प्र. ७ : चूक की बरोबर, सकारण, कोणतीही दोन – ४
प्र. ८ : (अ) संकल्पना, कोणतीही एक – २, (ब) सूचनेनुसार कृती, कोणतीही एक – २
प्र. ९ : थोडक्यात उत्तर, कोणतेही एक – २

हा आराखडा मुलाला न बघता कागदावर लिहिता आला पाहिजे. अभ्यासाची सुरुवात तिथून.

सरळमार्गी

एवढं कशाला? प्रश्न फिरून फिरून तेच येतात. सोडवलेले सात-आठ संच घ्यायचे, उत्तरं पाठ करायची, ३२-३५ गुण कुठे गेले नाहीत.

खडू_फळा

@सरळमार्गी, मजकूर फिरून येतो हे खरं. पण प्रश्नाचं रूप बदलून येतो आणि पाठांतरवाला तिथेच अडकतो.

उदाहरण हेमाडपंती मंदिरांचं. हा मजकूर टीप म्हणून येऊ शकतो. नागर, द्राविड, हेमाडपंती अशा तक्त्यातला एक रकाना म्हणून येऊ शकतो. उताऱ्यातही येऊ शकतो. टीप पाठ केलेला मुलगा तक्त्याच्या एका चौकटीत सहा ओळी कोंबतो, पुढच्या चौकटीला जागा उरत नाही आणि द्राविड शैलीचं वैशिष्ट्य विचारलं तर कोरी चौकट ठेवून येतो. कारण त्याच्या पाठ केलेल्या संचात द्राविड 'आलेलं' नव्हतं.

दुसरं म्हणजे नऊ आणि पाच मिळून धडे चौदाच. छोटं पुस्तक आहे हो. पुस्तक न वाचता संच पाठ करण्यात वेळ वाचत नाही, उलट जास्त जातो.

कंदील

मला दिसलेली सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिल्याच दिवशी घड्याळ लावून अख्खा पेपर द्यायला बसवणं. मूल २२ गुण मिळवतं, खट्टू होतं आणि नेमकं कुठे कमी पडलं ते कळत नाही. पेपर आधी आडवे सोडवा, मग उभे.

आडवे म्हणजे काय? सहा पेपर घ्या. पहिल्या दिवशी सहाही पेपरांतला फक्त प्र. १ (ब). चुकीच्या जोड्यांचे सगळे संच एका बैठकीत. दुसऱ्या दिवशी फक्त प्र. ३, 'सकारण स्पष्ट करा'. तिसऱ्या दिवशी फक्त तक्ते आणि संकल्पनाचित्रं. एकाच प्रकारचे दहा-बारा प्रश्न ओळीने केले की त्या प्रकाराची चाल हाताला बसते. या फेरीत पुस्तक उघडं ठेवायला पूर्ण परवानगी. घड्याळ नाही. उत्तर पुस्तकात कुठल्या पानावर आहे तो पान क्रमांक मात्र प्रश्नाशेजारी लिहायचाच.

ही पानं लिहिता लिहिता आपोआप एक तक्ता तयार होतो : उभ्या ओळीत चौदा धडे, आडव्या ओळीत प्रश्नप्रकार, जिथे प्रश्न आला तिथे टिंब. तो तक्ता भविष्य सांगायला वापरू नका. तो एवढंच दाखवतो की कोणत्या धड्यातून कोणत्या रूपाचा प्रश्न निघू शकतो. इतिहासलेखनाच्या पहिल्या दोन धड्यांत व्यक्ती आणि ग्रंथ खच्चून भरलेत, म्हणून तिथून जोड्या सहज निघतात. पर्यटनाच्या धड्यातून 'सकारण'. हे एकदा दिसलं की धडा वाचतानाच मूल मनात म्हणतं, 'हे जोडीत येईल'.

मग उभे. म्हणजे अख्खा पेपर, दोन तास, पुस्तक बंद. असे चार पुरेत. आणि एक पेपर, शक्यतो सगळ्यात अलीकडचा, अजिबात न बघता बाजूला ठेवा. तो परीक्षेच्या आठवडाभर आधी. बघितलेल्या पेपरात मिळालेले ३६ गुण खोटे असतात.

पाटीवरची_रेघ

हे आवडलं. पण चुकीची जोडी म्हणजे पाठांतरच ना? तिथे 'चाल' काय असणार?

कंदील

आहे. चुकीची जोडी हवेतून येत नाही. जी दोन नावं एकमेकांत गुंततात तीच तिथे लावतात. पुस्तकातल्या स्वाध्यायातली उदाहरणं बघा :

रम्मन – पश्चिम बंगालमधील नृत्य. चूक, रम्मन उत्तराखंडातल्या गढवालचं. मग पश्चिम बंगाल कुठून आलं? त्याच यादीत छाऊ नृत्य आहे, ते तिकडचं.
प्रभाकर – आचार्य प्र. के. अत्रे. चूक, 'प्रभाकर' भाऊ महाजनांचं. अत्र्यांचं नावही वृत्तपत्रांशी जोडलेलं आहे.
एकच प्याला – अण्णासाहेब किर्लोस्कर. चूक, राम गणेश गडकरी.
कार्ल मार्क्स – डिस्कोर्स ऑन द मेथड. चूक, तो ग्रंथ रेने देकार्तचा.
'द इंडियन वॉर ऑफ इंडिपेन्डन्स १८५७' – मार्क्सवादी इतिहासलेखन. चूक, राष्ट्रवादी.

म्हणून नुसतं 'चूक' लिहून पुढे जायचं नाही. वहीत तीन गोष्टी लिहायच्या : चुकीची जोडी, दुरुस्त जोडी, आणि तिथे घुसवलेलं नाव खरं कुणाचं. हे तिसरं कोणी करत नाही आणि पुढच्या पेपरात नेमकं तेच विचारतात.

ग्रंथांच्या तक्त्यातला जुना सापळा : 'द हिस्टरी ऑफ ब्रिटिश इंडिया' जेम्स मिलचा, 'द हिस्टरी ऑफ इंडिया' माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा. मधला 'ब्रिटिश' हा एक शब्द सुटला की अर्धा गुण गेला. 'हिस्टरी ऑफ द मराठाज' ग्रँट डफचा, त्यात कोणी चुकत नाही.

लाल_शाई

पेपर तपासण्याच्या बाजूने थोडं. वरच्या जोड्यांना पुस्ती : सूचना 'ओळखून लिहा' असो वा 'दुरुस्त करून लिहा', मुलांनी दोन्ही लिहावं. 'चुकीची जोडी : अमुक. दुरुस्त जोडी : तमुक.' जास्तीच्या एका ओळीने काही बिघडत नाही. नुसता क्रमांक '(४)' लिहून येणारे बरेच असतात, तसं करू नये. पर्यायाच्या प्रश्नातही (अ), (ब) या अक्षराबरोबर उत्तराचा शब्द लिहायचा.

आता लांबीबद्दल. ओळी मोजू नका, मुद्दे मोजा. दोन गुणांना वेगवेगळे चार मुद्दे लिहिले की डोक्याला ताप नाही. तीन गुणांना सहा. 'वेगवेगळे' हा शब्द महत्त्वाचा. एकच गोष्ट तीन वाक्यांत फिरवून सांगितली तर तो एकच मुद्दा.

टीप, हेमाडपंती शैली, दोन गुण :
१) महाराष्ट्रात बाराव्या-तेराव्या शतकांत बांधलेल्या मंदिरांना हेमाडपंती मंदिरे म्हणतात.
२) बाह्य भिंती बहुधा तारकाकृती असतात, त्यामुळे भिंतींवर छायाप्रकाशाचा सुंदर परिणाम दिसतो.
३) दगड सांधण्यासाठी चुना वापरत नाहीत, दगडांतच खोबणी आणि कुसू करून ते एकमेकांत घट्ट बसवतात.
४) सिन्नरचे गोंदेश्वर, अंबरनाथचे अंब्रेश्वर, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ ही उदाहरणे.

काळ, रूप, तंत्र, उदाहरण. स्थापत्यावरची कुठलीही टीप या चार खुंट्यांवर टांगता येते. मुलं काय करतात? 'भारतात प्राचीन काळापासून मंदिरे बांधली जातात. मंदिरे अतिशय सुंदर असतात' अशा दोन ओळींनी सुरू करतात. तपासणारा या दोन ओळी ओलांडूनच वाचायला लागतो.

लाल_शाई

आणखी एक. 'सकारण स्पष्ट करा' आणि 'चूक की बरोबर ते सकारण स्पष्ट करा' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. प्र. ३ मधलं विधान बरोबरच असतं, तिथे 'हे विधान बरोबर आहे' लिहायची गरज नाही, थेट कारणं. प्र. ७ मध्ये मात्र पहिली ओळ निकालाची हवीच : 'हे विधान चूक आहे, कारण –'. काही मुलं कारणं झकास लिहितात आणि चूक की बरोबर ते लिहायचंच विसरतात. काही उलट, फक्त 'चूक' लिहून पुढे.

प्र. ७ चा नमुना. विधान : आघाडी शासनामुळे अस्थिरता निर्माण होते.
हे विधान चूक आहे, कारण – १) १९८९ नंतर केंद्रात एका पक्षाला बहुमत मिळणे कमी होऊन आघाडी शासने येऊ लागली. २) घटक पक्ष समान कार्यक्रम ठरवून कारभार करतात. ३) भाजपची राष्ट्रीय लोकशाही आघाडी आणि काँग्रेसची संयुक्त पुरोगामी आघाडी यांनी शासन चालवून दाखवले. ४) त्यामुळे आघाडी म्हणजे अस्थिरता हा समज खोटा ठरला.

प्र. ३ मधला नेहमीचा दोष म्हणजे विधानच उलटंपालटं करून लिहिणं. 'दूरदर्शन हे अत्यंत लोकप्रिय माध्यम आहे' याचं उत्तर 'कारण दूरदर्शन सर्वांना आवडते' असं सुरू झालं की समजावं, कारण सापडलेलं नाही. घरी तपासताना एक सोपी कसोटी लावा : प्रत्येक वाक्यापुढे 'का?' विचारा. वाक्य स्वतःच विधानाच्या 'का'चं उत्तर देत असेल तर टिकलं, नाहीतर खोडा. दृक् आणि श्राव्य दोन्ही, म्हणून घटना प्रत्यक्ष घडताना दिसते. वाचता न येणाऱ्यालाही कळतं. बातम्या, खेळ, मालिका, शिक्षण सगळं एका जागी. अशी तीन-चार कारणं म्हणजे दोन गुण.

चिंचेचं_बोटूक

प्र. ५ बद्दल कोणी लिहिणार का? सर्वांत जास्त गुण तिथे आणि सर्वांत जास्त पाल्हाळही तिथेच.

खडू_फळा

लिहितो. सविस्तर प्रश्नाला आधी समासात तीन शब्द लिहायचे, मग उत्तर. 'इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे इतिहासलेखनातील योगदान' हा प्रश्न घेऊ. समासात : साधने, विचार, संस्था. आता प्रत्येक शब्दाखाली दोन मुद्दे.

साधने : गावोगाव हिंडून कागदपत्रं जमवली, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या शीर्षकाने २२ खंड संपादित केले, त्यांना अभ्यासपूर्ण प्रस्तावना लिहिल्या.
विचार : आपला इतिहास आपण लिहिला पाहिजे हा आग्रह, इतिहास म्हणजे फक्त राजकारण आणि लढाया नव्हेत, समाजाच्या भूतकाळातल्या सर्व अंगांचं चित्र त्यात हवं, आणि तेही अस्सल कागदपत्रांच्या आधारावर.
संस्था : ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना, अभ्यासकांना साधनं उपलब्ध झाली.

सहा मुद्दे, तीन गुण, साधारण बारा ओळी. यापेक्षा जास्त लिहून गुण वाढत नाहीत, पण राज्यशास्त्राचा वेळ जातो.

'पेपर सोडवणे' म्हणजे दर वेळी पूर्ण उत्तर लिहिणं असंही नाही. आडव्या फेरीत प्र. ५ साठी फक्त हे समासातले तीन शब्द आणि सहा मुद्दे लिहा, वाक्यं नकोत. एका तासात दहा-बारा प्रश्न होतात. पूर्ण वाक्यात फक्त दोन.

सरळमार्गी

हे मान्य. मी पाठ करायचं म्हणतो तेही मुद्देच, शब्द न् शब्द नव्हे. पण उताऱ्याचं काय? त्याची तयारी होते का? की देवावर हवाला?

लाल_शाई

उताऱ्याचे चार गुण पेपरातले सर्वांत स्वस्त आणि तरी सांडले जातात. साधारण तीन प्रश्न असतात : दोन एकेका गुणाचे, उत्तर उताऱ्यात ठळक, तिसरा दोन गुणांचा, तिथे स्वतःचं मत किंवा धड्यातली भर लागते. करायचं असं : आधी प्रश्न वाचा, मग उतारा. एक गुणाच्या उत्तराला पूर्ण एक वाक्य, अख्खा परिच्छेद उतरवून काढू नका. मुलं नेमकं तेच करतात, सहा ओळी जशाच्या तशा, कारण त्यात उत्तर कुठेतरी असणारच असं त्यांना वाटतं. तिसऱ्या प्रश्नाला फक्त उताऱ्यातली वाक्यं पुरत नाहीत. 'तुमचे मत लिहा' असेल तर मत आणि त्यामागची दोन कारणं.

सरावाला जुन्या पेपरांतले उतारे संपले तर पुस्तकातल्याच चौकटी घ्या, 'माहीत आहे का तुम्हांला?' वगैरे. मुलाला म्हणायचं, यावर तू तीन प्रश्न काढ. प्रश्न काढणाऱ्याला उत्तर शोधावं लागत नाही, ते आधीच सापडलेलं असतं.

वांद्रे_लोकल

राज्यशास्त्रात एक खरी अडचण आहे, ती कोणी काढली नाही. पुस्तक २०१८ चं, बातम्या आजच्या. पुस्तकात राष्ट्रवादी काँग्रेस, तृणमूल काँग्रेस, भारतीय कम्युनिस्ट पक्ष राष्ट्रीय पक्षांत आहेत. एप्रिल २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने या तिघांचा तो दर्जा काढला आणि आम आदमी पक्षाला दिला. रोज वर्तमानपत्र वाचणारं मूल काय लिहील?

खडू_फळा

प्रश्न रास्त आहे. माझं मत : तक्ता किंवा पर्याय पुस्तकातल्या मजकुरावर असेल तर पुस्तकाप्रमाणे लिहावं, कारण तपासणाऱ्यापुढची नमुना उत्तरं पुस्तकावरून काढलेली असतात. सकारण उत्तरात जागा असते, तिथे शेवटी एक ओळ 'एप्रिल २०२३ नंतर यात बदल झाला आहे' अशी घालायला हरकत नाही. मात्र मुख्य मुद्दे निकषांचे हवेत.

निकष पाठच हवेत. राष्ट्रीय पक्ष म्हणून मान्यतेसाठी : लोकसभा किंवा विधानसभा निवडणुकीत चार किंवा अधिक राज्यांत किमान सहा टक्के मतं आणि लोकसभेत किमान चार सदस्य, किंवा लोकसभेच्या एकूण जागांपैकी किमान दोन टक्के जागा, त्याही किमान तीन राज्यांतून. 'शिरोमणी अकाली दल हा राष्ट्रीय पक्ष आहे' हे विधान चूक ठरवताना 'तो पंजाबातला प्रादेशिक पक्ष आहे' यावर थांबू नका, निकष लिहून तो त्यात बसत नाही असं दाखवा. मग दोन गुण.

लाल_शाई

प्र. ८ (अ) मधली ठरलेली गफलत म्हणजे मध्यावधी निवडणूक आणि पोटनिवडणूक. मुदत संपण्याआधी सभागृहच विसर्जित झालं आणि निवडणूक घ्यावी लागली तर मध्यावधी. एखाद्या सदस्याच्या राजीनाम्याने किंवा मृत्यूने एकच जागा रिकामी झाली तर त्या मतदारसंघापुरती पोटनिवडणूक. संकल्पना लिहिताना व्याख्या, कोण करतं, का करतं आणि एक उदाहरण, इतकं पुरतं. 'मतदारसंघांची पुनर्रचना' लिहिताना ती परिसीमन समिती करते हे राहून जातं आणि मुलं सरसकट निवडणूक आयोगाचं नाव ठोकून मोकळी होतात.

चिंचेचं_बोटूक

वेळेचं गणित कोणी मांडा. माझ्याकडच्या शिकवणीत निम्मी मुलं प्र. ९ ला पोचत नाहीत.

कंदील

४० गुणांना १२० मिनिटं, म्हणजे गुणाला तीन मिनिटं. पण सरसकट तीन नकोत :

प्र. १ – १० मिनिटं
प्र. २ – २४
प्र. ३ – १४
प्र. ४ – १२
प्र. ५ – २४
प्र. ६ – ३
प्र. ७ – १४
प्र. ८ – १०
प्र. ९ – ६

बेरीज ११७. परीक्षेत २०२३ पासून शेवटी १० मिनिटं जास्त मिळतात (पेपर ११ ला हातात, १ वाजून १० मिनिटांनी संपतो). ती घरच्या सरावात धरू नका. घरी १२० मिनिटांत बसलं तर तिकडे तपासायला श्वास मिळतो.

इतिहास संपेपर्यंत ८४ मिनिटं, म्हणजे १२ वाजून २५ मिनिटांच्या आत प्र. ६ सुरू व्हायला हवा. मुलाला ही एकच वेळ लक्षात ठेवायला सांगा, सगळा तक्ता नको.

शेवटपर्यंत पोचत नाहीत त्यांची कारणं बहुधा दोन. एक, तक्ते सजवणं. पट्टीने दुहेरी रेघा, रंगीत पेन्सिली. साधी पेन्सिलीची चौकट, आत पेनाने उत्तर, बास. दुसरं, 'कोणतेही दोन' असताना तीन-तीन लिहिणं. 'एखादं चुकलं तर' म्हणून लिहितात. त्या तिसऱ्या उत्तराची सहा मिनिटं म्हणजे अख्खा प्र. ९.

वांद्रे_लोकल

मग राज्यशास्त्र आधी का सोडवू नये? १२ गुण, लहान उत्तरं, ३३ मिनिटांत मोकळे.

कंदील

चालतं, पण मी सुचवणार नाही. प्र. १ च्या जोड्या आणि पर्याय ताज्या डोक्याने सोडवलेल्या बऱ्या. तरी एखाद्याचं राज्यशास्त्रच पक्कं असेल तर करू दे. अट एकच : प्रश्न क्रमांक आणि उपप्रश्न क्रमांक ठळक, आणि एका प्रश्नाचे उपप्रश्न एकाच जागी. प्र. ८ (अ) सुरुवातीला आणि (ब) शेवटच्या पानावर असा प्रकार नको. आणि हा क्रम ठरवायचा तो सरावाच्या पेपरात. परीक्षेच्या दिवशी प्रयोग नको.

खडू_फळा

@वांद्रे_लोकल, दोन्ही क्रमांनी एकेक पेपर द्यायला लावा आणि गुण ताडून बघा. वाद कशाला?

पाटीवरची_रेघ

घरी तपासण्याचं राहिलं. माझा खरा प्रश्न तोच होता.

लाल_शाई

कृती सांगते. पेपर दिल्यावर त्याच दिवशी तपासू नका, एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी मुलानेच तपासायचा, पालकाने शेजारी बसायचं. पुस्तक उघडं. उत्तरातल्या प्रत्येक मुद्द्याखाली पेन्सिलीने रेघ मारून शेजारी अर्धा लिहायचा. रेघ मारण्यासारखं वाक्य नसेल तर गुण नाही, मग मजकूर कितीही लांब असो. तक्त्यात दोन गुणांना बहुधा चार चौकटी, चौकटीला अर्धा.

हिशेब कडक ठेवा, पण न्यायाने. पुस्तकातलेच शब्द हवेत असा हट्ट नको, अर्थ आला की गुण. नावं मात्र नीट : 'व्हॉल्टेअर', 'फुको', 'कनिंगहॅम' शुद्ध लिहून बघितल्याशिवाय हातात बसत नाहीत. नुसतं वाचून बसत नाहीत हे नक्की.

मग गेलेल्या प्रत्येक गुणापुढे चारपैकी एक अक्षर. 'म' : माहितीच नव्हती. 'ग' : दोन गोष्टींत गल्लत. 'स' : सूचना नीट वाचली नाही. 'व' : वेळ पुरला नाही. दोन पेपर झाले की चित्र स्पष्ट होतं. 'म' जास्त असतील तर अजून पेपर देणं थांबवा, पुस्तकाकडे परत जा. 'ग' जास्त असतील तर कंदील यांनी सांगितलेली जोड्यांची वही. 'स' आणि 'व' असतील तरच अजून एक अख्खा पेपर देण्यात अर्थ आहे. बरेच पालक दर वेळी पुढचाच पेपर द्यायला लावतात. 'म'वाल्या मुलाला सहा पेपर दिले तरी त्याला तीच पंधरा उत्तरं येत नसतात.

दुपारची_शाळा

१७ नंबरच्या फॉर्मने (शाळेत न जाता, बाहेरून) बसणाऱ्या प्रौढ विद्यार्थिनींसाठी काही वेगळं? लिहायचा वेग कमी असतो, पण समज चांगली असते.

लाल_शाई

पेपर तोच, आराखडा तोच. वेग कमी असेल तर चारऐवजी तीन मुद्द्यांवर थांबायला शिकवा. दोनपैकी दीड मिळाला तरी सगळे प्रश्न पूर्ण झाल्याचा फायदा मोठा. आधी प्र. १, ६, उतारा आणि तक्ते घट्ट करा. ३ + ३ + २ + ४ + ४, हे सोळा गुण जवळजवळ शब्दांचे आहेत, वाक्यांचे नाहीत. रोज एक दोन गुणांचं उत्तर सहा मिनिटांत लिहून बघायचं, दोन महिन्यांत हात सुटतो. शिवाय पर्यटन, खेळ, कीर्तन-भारूड, ग्राहक चळवळ हे विषय त्यांच्या ओळखीचे असतात. भारुडावर शाळकरी मुलापेक्षा त्या बरं लिहितात.

निळी_दौत

सीबीएसईवाल्यांना यातलं काही लागू पडतं का?

खडू_फळा

आडवे-उभे आणि म-ग-स-व लागू पडतं. आराखडा नाही, त्यांचा सामाजिक शास्त्रांचा एकच ८० गुणांचा पेपर असतो, पुस्तकं वेगळी, नकाशाही. वेगळा धागा काढा. सेमी इंग्रजीवाल्यांनी मात्र इथेच थांबावं, त्यांचा इतिहास मराठीतच आहे.

पाटीवरची_रेघ

सगळ्यांचे आभार. शेवटचं : हाताशी पंचवीस दिवस आहेत, रोज तासभर. कसे वाटू?

कंदील

पहिले दहा दिवस आडवी फेरी : जोड्या आणि पर्याय दोन दिवस, तक्ते दोन, टिपा दोन, 'सकारण' एक, प्र. ५ चे मुद्दे दोन, राज्यशास्त्र एक. पुढचे बारा दिवस चार उभे पेपर, प्रत्येकाला तीन दिवस : एक दिवस पेपर (त्या दिवशी दोन तास काढावे लागतील), एक तपासायला, एक चुकलेल्या पानांना. उरले तीन. तेविसाव्या दिवशी ठेवलेला पेपर, चोविसाव्याला तो तपासायचा, पंचविसाव्याला फक्त जोड्यांची वही.

आणि तो ठेवलेला पेपर खरंच ठेवा. शाळेच्या सराव परीक्षेत तोच येऊन गेला असेल तर जुलैचा एखादा काढा.